झिजलेल्या रेकॉर्ड

ती तक्रार मी विसरलेलो नाही, कारण तक्रारदाराचं स्वतःचं काही चोरीला गेलंच नव्हतं.

वडिलांच्या बदलीमुळे मी चंदीगडला वाढलो आणि तिथल्याच पोलीस दलात लागलो. मी तिथल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी असताना हवाई दलातून निवृत्त झालेले एक नागपूरकर गृहस्थ आले. काखेत ग्रामोफोन रेकॉर्डचा गठ्ठा. सॅक्सोफोनवरचं जॅझ. जुन्या सामानाच्या दुकानातून, नशीब बघू म्हणून, न ऐकताच घेतलेल्या.

"खराब निघाल्या?" मी विचारलं.

"खराबच. पण सगळ्या एकाच तऱ्हेनं. सॅक्सोफोन एकटा वाजायला लागला की नुसती खरखर. कुणीतरी सुई पुन्हा पुन्हा तिथंच ठेवून रियाज केलाय. असा माणूस या विकेल का? चोरीच्या असतील, साहेब."

हद्दीत तशी नोंद नव्हती. तरी मी दुकानदाराला बोलावलं. रद्दीत आल्या, म्हणाला. शिवाय न विचारता भावाचं आजारपण, दुकानाचं भाडं, सगळं सांगत बसला. खोटं बोलणारा विचारल्यापेक्षा जास्त बोलतो. मी त्याला चहा दिला आणि सहज विचारलं, "आणि वाद्य कुठंय?"

त्याच्यासमोर वाद्याचं नाव कुणीच काढलं नव्हतं; रियाज करणाऱ्याकडे ते असणारच, एवढाच माझा अंदाज. त्याचा चेहरा उतरला. "साबजी, वो अभी बिका नहीं."

त्याच्या जबाबावरून डेराबस्सीच्या कारखान्यातला एक ड्रायव्हर सापडला. चंदीगडला लागून असलेल्या, हरियाणातल्या पंचकुल्यात तो ज्यांच्याकडे भाड्यानं राहायचा, ते लष्करी बँडमधले निवृत्त वादक. ते इस्पितळात असताना त्यानं रेकॉर्ड आणि सॅक्सोफोनवर डल्ला मारला होता. म्हाताऱ्यांनी तक्रारच केली नव्हती. अडगळ म्हणून सुनेनंच विकलं असणार, अशी त्यांची खात्री होती. घरात भांडण नको म्हणून गप्प राहिले आणि सुनेशी बोलणंच टाकलं.

हरियाणा पोलिसांकडे गुन्हा दाखल झाला, पुढे कोर्टाच्या आदेशानं मुद्देमाल परत मिळाला. तो द्यायला तिथले पोलीस गेले, तेव्हा मीही नागपूरकरांना घेऊन सोबत गेलो. म्हाताऱ्यांनी सॅक्सोफोन मांडीवर घेतला. मग दारात उभ्या असलेल्या सुनेला म्हणाले, "बेटी, मैंने तुझ पर शक किया."

"मालूम था, पापाजी," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

परतताना नागपूरकर एवढंच म्हणाले, "बरं झालं, मी रेकॉर्ड त्या दुकानदाराला नुसत्या परत केल्या नाहीत."

घेतलेली वस्तू वाईट निघाली की माणूस दुकानदारावर चिडतो. मीही चिडलो असतो. या माणसाला मात्र त्या खरखरीत दुसऱ्याचं नुकसान ऐकू आलं. पुढच्या नोकरीत कुणी कितीही मोघम तक्रार घेऊन आला, तरी त्याचं बोलणं संपेपर्यंत मी पेन उचललं नाही.