शिसवाभोवतीचा चर

मंडळी, आज नव्वदीच्या आत्याला शिरड शहापूरजवळच्या रानात नेलं. एका जुन्या शिसवाच्या झाडापाशी ती थांबली आणि खोडावरून हात फिरवत सांगू लागली.

"निजामाच्या वक्ताला मी इथं शेळ्या राखायची. बुडाला तांबडी भूछत्रं यायची आन् झाडं एकामागं एक वाळायची. लोक म्हणले, करणी हाय. माय म्हणली, न्हाई, रोग मुळ्यांवाटं चाललाय."

मग तिच्या मायनं या एका झाडाभोवती, शेजारच्या झाडांच्या मुळ्या तोडत, कमरेइतका खोल चर खणला. बाकीची झाडं गेली, हे राहिलं.

"मी इचारलं, काहून एवढी तकलीफ घेऊन राहिलीस? तर म्हणली, दुपारी माझं लेकरू कुठं बसंल?"

आत्या तिथंच सावलीत बसली. तिला 'चल' म्हणायला माझा जीव होईना.

तुमच्यासाठी कुणी असं झाड राखलंय का?