भोपाळीवरचा आळ

रायपुरातल्या आमच्या बूढापारा मोहल्ल्यातले यशवंतराव रेल्वेत तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी बिनतिकीट प्रवाशाकडे पाहावं तसंच ते सगळ्यांकडे पाहायचे. दूधवाला, मोलकरीण, समोर राहणारी मी, कोणीच त्यातून सुटलं नाही. मला त्यांचा मनस्वी राग यायचा.

छत्तीसगड वेगळं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं तेव्हा भोपाळहून आलेला एक अफसर त्यांच्या माडीवर भाड्याने राहिला. सरकारी बंगला मिळताच तो निघून गेला आणि आपला वर्षाचा दांडगा कुत्रा मागे ठेवून गेला. यशवंतरावांनी त्याचं नाव ठेवलं भोपाळी. घरात आधीपासून खंड्या नावाचा कुत्रा होता. तेरा वर्षांचा, शांत, यशवंतरावांच्या पायाशी झोपणारा. भोपाळी म्हणजे वारं प्यायलेलं वासरू. चपला फाडायचा, वाळत घातलेली पातळं ओढायचा, खंड्याच्या अंगावर उड्या मारायचा.

इंदूकाकू, म्हणजे यशवंतरावांची बायको, दोघांना एकाच परातीत वाढायच्या. "एका ताटात जेवले का सख्खे होतात," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या माहेरी नव्या सुनेला नणंदेबरोबर पहिलं जेवण असंच द्यायचे. इथे मात्र परातीवर रोज गुरगुर चालायची आणि खंड्या दिवसेंदिवस वाळत चालला होता. मग एक दिवस त्याचा कान रक्ताळलेला दिसला.

"हा भोपाळीच!" यशवंतरावांनी निकाल दिला. "त्याच्या वाटचं खाऊन राहिला, वरून चावून राहिला."

"काका, तुम्ही पाहिलं का?"

"पाहायले काय लागते? तोंड पाहा त्याचं! चोराचं आहे."

विटांचा ट्रॅक्टर चालवणाऱ्या दयारामला भट्टीवर राखणीसाठी कुत्रा हवाच होता. रविवारी भोपाळीला न्यायचं ठरलं. भट्टीवरचे कुत्रे नव्याला जगू देत नाहीत, हेही दयारामनेच सांगितलं होतं. काकू दोन दिवस धड जेवल्या नाहीत. पण यशवंतरावांचा नोकरीतला एक नियम होता, रंगेहाथ पकडल्याशिवाय दंड नाही. म्हणून रविवारी सकाळी परात मांडल्यावर ते दाराआड दबा धरून बसले. साक्षीदार म्हणून मलाही बसवलं. मीही बसले, खोटं कशाला बोलू?

भोपाळी धावत आला आणि त्याने परातीत तोंड घातलं. "पाहा!" यशवंतराव पुटपुटले. मागून खंड्या भिंतीला अंग घासत आला. त्याची चाहूल लागताच भोपाळी बाजूला झाला. जाताना त्याचं शेपूट खंड्याच्या नाकाला लागलं मात्र, खंड्या केवढ्यांदा खेकसला! दोनदा हवेतच चावला, गर्रकन वळला आणि त्याचा कान दाराच्या उचकटलेल्या पत्र्यावर आपटला. जखम पुन्हा वाहू लागली. भोपाळी कोपऱ्यात अंग चोरून बसला. परात अर्धी भरलेली होती, पण खंड्या तिच्यापासून हातभर लांबची फरशी हुंगत राहिला. त्याला ती सापडेचना.

यशवंतराव उठले. खंड्याच्या डोळ्यांपुढे त्यांनी हळूच हात हलवला. पापणीसुद्धा लवली नाही.

तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर थांबला. "ले जांव बाबूजी?" दयारामने हाक मारली.

"नको रे. जा तू," यशवंतराव म्हणाले, आणि आत वळून, "इंदू, भोपाळीले वेगळी ताटली दे. मागच्या खोलीत."

मग ते फरशीवरच बसले. पोळीचा तुकडा मोडून त्यांनी खंड्याच्या तोंडाशी धरला. त्याने आधी गुरगुर केली, मग त्यांचा हात हुंगला आणि खाऊ लागला. इतकी वर्षं मी त्या माणसाला संशय घेताना पाहिलं होतं, रडताना त्या दिवशी पाहिलं.

"पद्मिनी," ते म्हणाले, "साऱ्या दुनियेले तपासत बसलो. हा रोज माझ्या पायाशी झोपून राहिला, अन् आंधळा झाला कधी, मले माहीतच नाही."