नदीने परत केलेला नारळ

देवी आपले ऐकते, यावर त्या वर्षीच्या आषाढात माझा विश्वास उरला नव्हता, हे आरंभीच स्पष्ट लिहून ठेवतो. आंबेनळी घाटाकडून उतरणारी नदी पावसाळाभर आमच्या वाडीला पोलादपूरच्या रस्त्यापासून तोडून टाकते. माझी एकुलती एक मुलगी यमू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिची आई हयात नव्हती, जावई मुंबईला गिरणीत, आणि सुईण राहत होती नदीपलीकडे. भाद्रपदात दिवस भरणार होते. तोवर नदीवर लाकडी साकव उभा राहिला नाही, तर त्या घटकेला माझ्या मुलीजवळ जाणते असे कोणीही असणार नव्हते.

वाडी मला वकील म्हणते; कचेरीला मी पत्रांमागून पत्रे लिहिली. उत्तर आले की प्रकरण विचाराधीन आहे. त्या एका शब्दाने माझे माथे असे भडकले की वाडीतली माणसे हाताशी धरून मी स्वतःच साकव घातला. जागा निवडली ती नदीच्या जुन्या उताराची, जेथून लोक पूर्वापार पायी नदी ओलांडत, कारण तेथील सार्वजनिक वहिवाट मी पुराव्यानिशी शाबीत केलेली होती. ज्येष्ठातला साकव पहिल्याच पुराने नेला. आषाढात अधिक जाड खांब रोवून त्याच जागी पुन्हा घातला, तोही गेला. जागा चार हात जरी सरकवली तरी आमचा हक्क सोडल्यासारखे होईल, या विचारापुढे मला दुसरे काही दिसतच नव्हते. यमू हसून म्हणाली, “बाबा, सगळ्यांना नोटिसा दिल्यात, नदीला तेवढी द्यायची राहिली.” तिच्या पायांवर सूज चढलेली होती.

श्रावणात वाडीतल्या बायका नदीला देवी मानून तिची ओटी भरतात. यमूच्या नावाचा नारळ घेऊन मीही त्यांच्यामागून काठावर गेलो. भक्तीने नव्हे, भांडायला. दोनदा हरवलेस, आता कारण सांग, असे मनाशी म्हणत मी नारळ पाण्यात सोडला. बायकांचे नारळ मधल्या धारेला लागून दिसेनासे झाले होते. माझा थोडा खाली गेला, वळला, आणि काठाकाठाने प्रवाहाच्या उलट वर येऊ लागला.

“नाय घेतलान गो आयनं,” मागे कोणी कुजबुजले.

मी काठीने तो लांब ढकलला. तो पुन्हा वर आला आणि आमच्या वाडीतल्या बाळोजीच्या शेताखाली जो काळा कातळ नदीत घुसला आहे, त्याच्या आडोशाला स्थिर राहिला. रागाने काढायला वाकलो, आणि हात पाण्यात तसाच राहिला. कातळ पुराची सारी धडक अंगावर घेत होता; त्याच्या पाठीशी पाणी गुडघाभर, संथ फिरत होते. जुन्या उतारावर तीच धार वळून थेट आमच्या खांबांच्या बुडाशी आदळत होती. दोन्ही साकव मोडले नव्हते, बुडातून उखडले होते, हे आता कुठे माझ्या ध्यानी आले. समोर पैलतीरीही तसाच एक कातळ होता, आणि जन्मभर मी त्याच्यासमोरून ये-जा केली होती.

परंतु अलीकडचा बांध बाळोजीचा, आणि त्या बांधावरून आमचा दावा कित्येक वर्षे चाललेला. ओल्या धोतरानेच मी त्याच्या अंगणात उभा राहिलो.

“बाळोजीराव, तुमच्या बांधावरून साकवाला वाट हवी आहे.”

“नोटीस कुठं हाय?”

“नोटीस नाही. विनंती आहे.”

“लिहून आणलीय?”

“नाही.”

त्याने माझ्या ओल्या धोतराकडे पाहिले. मग घरात वळून बायकोला म्हणाला, “कोयता दे गो माझा. वकील आज तोंडानं बोलतोय, म्हंजे खरंच अडलंय त्याचं.”

नव्या पडवीसाठी जपलेले सागाचे वासे त्याने स्वतः काढून दिले. श्रावणातल्या उघडिपीत पलीकडच्या माणसांना हाताशी धरून आम्ही दोन्ही कातळांच्या पाठीशी खांब रोवले, दोर पैलतीरी फेकला आणि वासे ओढून घेतले. पहिला वासा पलीकडे टेकला तेव्हा दोन्ही काठांवरून एकच आरोळी उठली, आणि मी या वयात पोरासारखा चिखलात नाचलो.

गौरी आल्या त्या सकाळी यमूला कळा सुरू झाल्या, आणि नदी भरून वाहत होती. पाणी फळ्यांपासून हातभर अंतरापर्यंत चढले. साकव थरथरत होता, पण उभा होता. मधोमध सुईण दोघांच्या आधाराने येत होती व ओरडत होती, “धरा रे नीट! मी पडले तर तुमच्या बायकांची बाळंतपणं तुम्ही करणार काय?”

दुपारी यमू सुखरूप बाळंत झाली.

नारळ पाण्याने फिरला की आणखी कशाने, हा वाद मी घालीत नाही. एवढेच जाणतो की दोन्ही वेळची हार मला काही दाखवीत होती आणि मी तिला अन्याय म्हणत होतो. कचेरीला पत्रे मी अद्याप लिहितो, रागानेच लिहितो. पक्का पूल झालाच पाहिजे. पण यमू बाळंत झाली त्या संध्याकाळी देवळात गेलो नाही, देवीला काही विचारलेही नाही. नात माझ्या मांडीवर झोपली होती. हात जोडायचे तर तिला खाली ठेवावे लागले असते, म्हणून बसल्या जागीच मान लववली.