पिवळं तूप

आज सुनेने फोडणीत हळद टाकली, तेव्हा शेजारच्या शेगडीवर लोणी कढत होतं. हे दोन वास एकत्र आले की मला तो उन्हाळा आठवतो.

इकडे हिंदी मुलखात, शहराच्या कडेच्या नगऱ्यात आमचा गोठा आहे. हिरवा चारा असतो तोवर तूप पिवळं होतं. उन्हाळ्यात गायी कोरड्या भुशावर आल्या की ते पांढरट होतं. त्या साली मी नुकतीच गिऱ्हाइकं सांभाळू लागले होते. सिविल लाइंसमधल्या एक बाई म्हणाल्या, "दीदी, इस बार घी असली नहीं लग रहा." मी घाबरले आणि पुढच्या कढईत चिमूटभर हळद टाकली. हळदही नैसर्गिकच, असं स्वतःला समजावलं.

बाबांनी थोडं तूप तळहातावर चोळून हुंगलं. "आता खरंच असली राहिलं नाही," एवढंच म्हणाले आणि सगळ्या बरण्या घरात नेऊन ठेवल्या.

गिऱ्हाइकांकडे पांढरंच तूप गेलं. पिवळं आम्ही दिवाळीपर्यंत खाल्लं. जेवताना बाबा तुपाची वाटी आधी माझ्याकडे सरकवत.

आता उन्हाळ्यात कुणी रंगाबद्दल विचारलं की मी दहा मिनिटं समजावत बसते. त्या वाटीपेक्षा ते सोपं आहे.