खिडकीवाली खोली
कूलरला नव्या ताट्या बसवल्या की ओल्या वाळ्याच्या वासासरशी मला यवतमाळच्या घरातली ती दुपार आठवते. बाबा फार आजारी होते, खाटेवरून उठवत नव्हतं, तरी या उन्हाळ्यात जहाजाने गोव्याला जायचंच म्हणून हटून बसले होते. मी त्यांना मोबाइलवर जहाजातल्या खोल्या दाखवत होते. "खिडकीवाली पाह्य," ते म्हणाले, "तुह्या आईले पडल्या पडल्या समुद्र दिसला पायजे." "आधी तुम्ही बरे व्हा," म्हणत आई पाणी आणायला आत गेली, तसा त्यांनी माझा हात धरला. "मी नसलो तरी इले नेजो." पाऊस लागायच्या आधीच बाबा गेले. पुढच्या उन्हाळ्यात मी आईला घेऊन निघाले. पहिल्या संध्याकाळी ती जहाजाच्या कठड्याशी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "त्यायले दिग्रसच्या एसटीतही मळमळत होतं. ते कायचे येतात जहाजात! माह्यासाठीच चाललं होतं सारं, मले तवाच समजलं होतं." बाबांनी मला गुपचूप सांगितलेलं आई आधीपासून जाणून होती, हे मला तिथे, पाण्यावर कळलं.