मीटर शून्यावर आल्याशिवाय

जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर मी हौसेनं बांधतोय, असं सोसायटीत सगळ्यांना सांगितलं होतं. खरं कारण बायको होती. तीन महिने तिचा एकच धोशा, डॉक्टरांना दाखवून येऊ या. दूध दोनदा करपलं होतं, आणि एकदा कर्वेनगरहून बुधवार पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात पोहोचल्यावर काय आणायला आलो तेच आठवेना, म्हणून हात हलवत परतलो होतो. पस्तीस वर्षं लोकांचे रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाचं डोकं तपासायला न्यायचं म्हणजे काय! मी तिला म्हटलं, "एक सेट पहिल्यापासून बांधतो. पहिल्याच दिवशी नीट वाजला, तर डॉक्टरांचं नाव काढायचं नाही."

"वाजेल हो," ती म्हणाली. "तुमच्या हातांबद्दल मी कधी बोलले?"

नवा सेट पहिल्यांदा चालू करायची एक रीत असते. ती तिनं माझ्याकडून वदवून घेतली, आणि शाळेतल्या फळ्यावर लिहायची तशा वळणदार अक्षरात कागदावर उतरवून टेबलासमोर चिकटवली. सहावी, म्हणजे शेवटची ओळ अशी होती: "बंद केल्यावर मीटर शून्यावर आल्याशिवाय आत हात घालू नये. अनुभव कितीही असला तरी."

रविवारी सकाळी बसलो. घरचा करंट थेट सेटला न देता मध्ये शंभर वॅटचा जुना, तारेचा बल्ब जोडायचा. सेटमध्ये शॉर्ट असला तर बल्ब भडकतो, सेट वाचतो. एलईडी इथे कामाचा नाही, म्हणून असा एक बल्ब मी कापसात जपून ठेवला होता. डावा हात खिशात, म्हणजे चुकून धक्का बसलाच तर तो छातीतून जाणार नाही. पहिली चाचणी व्हॉल्व्ह न लावता. ती एकेक ओळ वाचत होती, लाल पेन्सिलीनं खूण करत होती.

बटण दाबलं. बल्ब क्षणभर लखकन पेटला आणि निखाऱ्यासारखा मंद झाला. शॉर्ट नव्हता. मीटरवर तीनशे चाळीस व्होल्ट आले. मला फार बरं वाटलं. बटण बंद केलं, प्लगही काढला. तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि ती गॅस बंद करायला आत गेली.

परत आली तेव्हा माझ्या हातात चिमटा होता. एक वायर कंडेन्सरला फार खेटून गेली होती, ती सरकवायची होती.

"अहो, सहावीवर खूण नाही."

"तू आत होतीस तेव्हा मोजलं. शून्य आहे."

"माझ्यासमोर मोजा."

"मला काय वेड लागलंय?" मी ओरडलो. तो शब्द दोघांनीही ऐकला. ती जागची हलली नाही. शेवटी तिला खोटं पाडायला म्हणून मी मीटरची टोकं लावली.

तीनशे बारा.

व्हॉल्व्ह नसले की कंडेन्सरमध्ये साठलेल्या विजेला बाहेर जायला वाट नसते. ती वाट म्हणून एक रेझिस्टन्स जोडतात. तो मी जोडल्याचं शपथेवर सांगितलं असतं. तो स्क्रूंच्या वाटीत पडला होता.

मी मोजायला विसरलो असतो तर एवढा घाबरलो नसतो. विसरतो माणूस. पण मला मोजल्याचं आठवत होतं. आकडे उतरताना दिसले होते, चाळीस, बारा, शून्य. कुठल्या सेटचे, कुठल्या वर्षातले, कोण जाणे. मी चिमटा खाली ठेवला, आणि घाबरलोय हे तिच्यापासून लपवावं असं मला पहिल्यांदाच वाटलं नाही.

रेझिस्टन्स जोडला. तिनं पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. दुपारी व्हॉल्व्ह तांबूस उजळले आणि स्पीकरमधून आवाज आला, स्वच्छ, जराही घरघर नाही.

"जिंकलात," ती म्हणाली.

"डॉक्टरांची वेळ घे."

"घेतलीये कधीच. मंगळवार, अकरा."

"लिहून ठेव."

सहाव्या ओळीवर खूण होती. तिनं खाली सातवी ओळ लिहिली.