अर्थिंगचा बोल्ट

मुरबाडकडच्या एका खासगी धावपट्टीवर मी इलेक्ट्रिशियन आहे. शिकाऊ पायलटांसाठी चार जणांचं एकच छोटं विमान. घर आसनगावला, आणि घरात पगार माझ्या एकटीचा. आमचे मुख्य मेकॅनिक मुरबाडचेच. पहिल्या दिवसापासून आमचं पटलं नाही, आणि आता पटावं अशी माझी इच्छाही नाही.

दिवाळीनंतर विमानात विचित्र बिघाड सुरू झाला. जमिनीवर सगळं ठीक. वर गेलं की चार्जिंग नसल्याचा लाल दिवा लागायचा आणि रेडिओ घरघरून गप्प व्हायचा. आदल्याच आठवड्यात चार्जिंगची जुनी वायर मी बदलली होती. मुख्यांना आयतंच सापडलं.

"दसऱ्याला इमानाची पूजा झाली तवा ही रजेवर," ते हँगरमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले. "दरसाल हिची रजा. मशीनला हात जोडायचे नाय, न् वायरला हात लावायचा. मग काय होनार?"

दसऱ्याला आमच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. माझं डोकं फिरलं. "साहेब, माझी वायर चुकली असेल तर दाखवा," मी म्हटलं.

"मी कशाला दाखवू? सोमवारपातुर सापडलं नाय तर तुमी घरीच बसा."

दोन दिवस मी माझीच वायर इंचाइंचाने तपासली. जोड ओढून पाहिले, चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर बदलून पाहिला. काही नाही. त्या माणसाच्या बोलण्याने मीही स्वतःलाच गुन्हेगार धरून बसले होते, याचा राग मला अजून येतो. वीज जाते तशी परतही यावी लागते, आणि विमानात ती सांगाड्यातून परत येते. परतीची वाट मी तपासलीच नव्हती.

सगळे दिवे लावले. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी सांगाड्याला. आकडा शून्याजवळ हवा, आणि तो होताही. मग इंजिनाच्या झाकणाखाली बॅटरीची अर्थिंगची पट्टी जिथे बोल्टने सांगाड्याला जोडली आहे, तिथे ती हाताने हलवली. आकडा दीड व्होल्टवर उडाला. हवेत इंजिनाच्या थरथरीने हेच होत होतं. बोल्ट सोडवला. खाली हिरवट भुकटी, त्यात चिकट लाल थर आणि खोबऱ्याचा एक कण.

"साहेब, दसऱ्याला नारळ कुठे फोडलात?"

"चाकासमोर. पानी मात्र झाकण उघडून इंजिनावर घातलं. इंजिनाला पोचाया नको?"

मी हसले. ते हसणं चांगलं नव्हतं, मला माहीत आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशालाच अपशकुनी ठरवायचं!

बोल्टाखालचा धातू घासून चकचकीत केला, पट्टीच्या टोकाला नवं टर्मिनल बसवलं. पायलटने अर्धा तास विमान फिरवून आणलं. दिवा लागला नाही. मग लॉगबुकात कारण लिहायची वेळ आली.

"ओलावा लिव," मुख्य म्हणाले.

ओलावा लिहिला असता तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा पाणी ओतलं असतं, आणि वर एकटीने उडणाऱ्या एखाद्या शिकाऊ पोरीचा रेडिओ मुका झाला असता. मी लिहिलं, पूजेचं नारळपाणी आणि कुंकू बोल्टात शिरून गंज. ते पान फाडता येत नाही. खोडलं तर खोडणाऱ्याला सही करावी लागते. त्यांनी काही न खोडता विमान उडायला ठीक असल्याची सही खाली केली.

"तुमाला आमचा देव खुपतो," पेन फेकत ते म्हणाले.

"देवाचं मी काहीच लिहिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी चहा आला. सगळ्यांसाठी नेहमीचे पांढरे कप होते, आणि टेबलाच्या टोकाला माझ्यासाठी एक वेगळा स्टीलचा पेला. इतरांनी, पायलटनेसुद्धा, आपापले कप उचलले. मी पेल्याला हात लावला नाही. मुख्यांच्या समोरचा भरलेला कप उचलला आणि त्यांच्याकडे बघत शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.